‘रोड’ नावाची स्टेशनं आणि टेबलावरची येडशी

आजचा भाग रेल्वेच्या इतिहासावर आहे, आणि थोडा माझ्या खोलीतल्या सहा फुटी प्लायवूडवरही. ऑडिओत मध्येमध्ये बारीक घरघर ऐकू येईल. ती पंख्याची नाही, इंजिनाची आहे. इंजिन माझ्या करंगळीएवढं आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. भारतात एखाद्या स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ लागलं, की बहुतेक वेळा त्याचा अर्थ काय? अर्थ असा, की गाव इथं नाहीये. गाव तिकडं लांब आहे, इथून फक्त रस्ता जातो. उतरा आणि बैलगाडी बघा. आपल्या भागात अशी स्टेशनं भरपूर. कळंब रोड, औसा रोड, लातूर रोड. आणि या सगळ्यांचं थोरलं भावंड म्हणजे बार्शी रोड. आज आपण ज्याला कुर्डुवाडी म्हणतो ना, ते हेच. जीआयपी रेल्वे, म्हणजे आजची मध्य रेल्वे, १८६० च्या आसपास पुण्याहून सोलापूरकडे गेली. बार्शी तेव्हाही कापसाची मोठी पेठ होती, पण गाडी तिच्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर लांबून निघून गेली. स्टेशनला नाव मात्र बार्शीचं दिलं.

मी धाराशिवचा. जिल्ह्याचं ठिकाण, कलेक्टर कचेरी, कोर्ट, सगळं आहे. पण जुन्या नॅरोगेजच्या काळात आमच्या नशिबी साधा ‘रोड’सुद्धा आला नाही. गाडी पकडायची तर येडशीला जायचं, वीसेक किलोमीटर.

मी सध्या त्याच येडशीचं मॉडेल बनवतोय. म्हणजे छोटी रेल्वे, रूळ, स्टेशन, झाडं, डोंगर, माणसं, सगळं ८७ पट लहान. या छंदात मी नवखा आहे, दीड वर्ष झालं असेल. पुण्यात नोकरीला लागल्यावर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहिलं, तिथून किडा लागला. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेलं आणि बनवलेलं ते काम १९९८ पासून लोकांना बघायला खुलं आहे. तुम्ही पुण्यात असाल आणि गेला नसाल तर जा. संध्याकाळ होते, दिवे लागतात, एकाच वेळी चार-पाच गाड्या धावतात, सर्कस आहे, रोपवे आहे. पण ते शहर कल्पनेतलं आहे. कल्पनेतल्या शहराचा एक फायदा असतो, तिथं तुम्हाला कुणी खोटं पाडू शकत नाही. पूल कुठंही टाका, स्टेशन कुठंही उभं करा.

खरी जागा घेतली की ही सोय संपते. मग प्रत्येक गोष्टीला कुणीतरी विचारतं, हे असंच होतं का? आणि सगळ्यात आधी विचारतं, कोणत्या साली?

या ‘कोणत्या साली’ने माझे सहा महिने खाल्ले. का खाल्ले, तेच आज सांगायचंय.

आधी गाडीबद्दल. या लाइनचं नाव बार्शी लाइट रेल्वे. तिच्यामागे एकच माणूस होता असं म्हटलं तरी चालेल, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. इंग्रज इंजिनिअर, जन्म १८५७. १८८२ साली जीआयपीत नोकरीला आला. इथं त्यानं बघितलं, की मोठी रेल्वे मुख्य मार्गावरून निघून जाते आणि आतल्या पेठांचा माल बैलगाड्यांवर कुथत येतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर भरलेली गाडी काय करते, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. त्याच्या डोक्यात आलं, की या पेठांना मुख्य लाइनशी जोडणाऱ्या स्वस्त, हलक्या लाइनी टाकायच्या. पुढची कितीतरी वर्षं तो परवानग्या आणि भांडवल यांच्या मागे फिरला. शेवटी १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाव गाडी सुरू झाली.

आता इथं इंजिनिअर मंडळींनी कान टवकारावेत, कारण यातली खरी गंमत वजनात आहे.

रूळ टाकायचा खर्च कशावर ठरतो? रूळ किती जड आहेत त्यावर. रूळ किती जड लागतील, हे ठरतं एका आसावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर, जास्तीत जास्त किती वजन येणार त्यावर. बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन एकदम जड आणि वाघिणी हलक्या. मग एका इंजिनापायी अख्खी लाइन जड रुळांची करावी लागते. कॅलथ्रॉपनं उलट बाजूनं हिशेब मांडला. त्यानं आधी आकडा ठरवला, एका आसावर पाच टन. इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुणीही पाच टनांच्या वर जायचं नाही. इंजिनाला ताकद हवी ना? मग आस वाढवा. लीड्सच्या किटसन कंपनीनं त्याला सहा आसांची इंजिनं करून दिली, म्हणजे तीसेक टनांचं इंजिन आणि तरी रुळाला कुठंही पाच टनांपेक्षा जास्त टोचत नाही. त्यामुळे एका मीटरला पंधरा किलोच्या आसपास भरणारे रूळ पुरले. आज आपल्या मुख्य लाइनीवर ६० किलोचे रूळ असतात, यावरून कल्पना करा.

रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. गाड्या भारतात पाठवण्याआधी त्यानं लीड्सजवळ न्यूले नावाच्या ठिकाणी प्रयोगाचा रूळ टाकला आणि जगभरच्या इंजिनिअरांना बोलावून त्यावर या गाड्या पळवून दाखवल्या. आपल्या भाषेत, प्रॉडक्शनला टाकण्याआधी स्टेजिंगवर डेमो. मला हा माणूस त्या डेमोमुळेच आवडायला लागला. (आणखी एक गोष्ट, विषयाबाहेरची आहे पण सांगतो. याच कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारायची पॅराशूट बनवली, नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. १९१० साली त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, हो, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेला, त्यानंतर त्यानं हे मनावर घेतलं.)

बार्शीचं यश बघून इंग्लंडमध्येही त्याला बोलावणं आलं. स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाइन १९०४ साली सुरू झाली. १९३४ ला ती बंदही पडली, आज तिथं पायवाट आहे. पण मॉडेल करणाऱ्यांची ती लाइन फार लाडकी. तिच्या इंजिनांना पुढे भलेमोठे दिवे, बार्शीच्या वळणाचे. म्हणजे बघा, जेमतेम तीस वर्षं चाललेल्या आणि केव्हाच बंद पडलेल्या धाकट्या बहिणीची मॉडेल्स तिकडं लोक हौसेनं करतात, आणि तिची थोरली बहीण, शंभरावर वर्षं चाललेली, तिचं एक इंजिन करायला मला फोटोवरून मापं काढत बसावं लागतं. राग नाहीये हा. त्यांनी मोजून ठेवलं, म्हणून त्यांना करता येतं.

मापावरून आठवलं. १:८७ च्या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे होतात पावणेनऊ. आणि बाजारात ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात, ते खरं तर दुसऱ्या, आणखी लहान प्रमाणाच्या मोठ्या गाड्यांसाठी असतात. फरक पाव मिलिमीटरचा. म्हणून जगभर नॅरोगेजवाले हेच रूळ वापरतात, मीही वापरले. वरचं इंजिन थ्रीडी प्रिंट केलं, खालची मोटार आणि चाकं तयार घेतली.

पण सहा फुटांच्या बोर्डात येतं काय? १६० मीटर. बस. स्टेशनची इमारत, फलाट, एक सांधा, दोन रूळ, आणि डाव्या हाताला रामलिंगच्या डोंगराची सुरुवात. त्यातला डोंगर तर शुद्ध थाप आहे. खरोखरची शंभर मीटरची चढण दाखवायची तर मॉडेलमध्ये ती एक मीटर पंधरा सेंटिमीटर उंच होईल, पंख्याला लागेल. म्हणून डोंगर गुडघ्यावर बसवलाय.

आता परत ‘कोणत्या साली’कडे येऊ.

बार्शीच्या पुढे ही लाइन वाढत गेली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. लातूर ते मिरज, सव्वातीनशे किलोमीटर. यातला बार्शी ते लातूर हा तुकडा आपला. पांगरीपर्यंत इंग्रजांचा मुलूख, सोलापूर जिल्हा, मुंबई इलाखा. रामलिंगचा घाट चढून येडशीला आलात की तुम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिकडं कळदार रुपया, इकडं हाली रुपया. तिकडचे कायदे वेगळे, इकडचे वेगळे, सरकारी कागदाची भाषा वेगळी. मालावर जकात घ्यायला निजामाचं करोडगिरी खातं. आपण आज ज्या घाटात माकडांना चिप्स खाऊ घालतो (घालू नका, अभयारण्य आहे ते), तिथून एका अर्थी सरहद्द ओलांडली जायची.

लंडनच्या कंपनीला निजामाच्या मुलखात काय हवं होतं? कापूस, गळिताची धान्यं, आणि या सगळ्याची पेठ असलेलं लातूर. येडशीहून लातूर पूर्वेला. धाराशिव दक्षिणेला. नकाशा उघडून बघा, धाराशिवला यायचं तर गाडीला खाली उतरून परत वर जावं लागतं. १९०४ मध्ये जिल्ह्याचं ठिकाण नळदुर्गहून धाराशिवला आलेलं होतं, पण कचेरीच्या फायली काही वाघिणीनं जात नाहीत. मला यात कुणाचा डाव वगैरे दिसत नाही. दिसतो तो मालवाहतुकीचा कोरडा हिशेब. पण हिशेब कोरडा असला तरी त्याचे परिणाम कोरडे नसतात. १९११ साली गाडी लातूरला पोचली. त्याच वर्षी मीर उस्मान अली खान गादीवर आले, त्यांच्या नावावरून गावाला उस्मानाबाद नाव मिळालं. नाव मिळालं, गाडी नाही मिळाली. आणि कडी म्हणजे १९८२ पर्यंत लातूर हा वेगळा जिल्हाच नव्हता, तो उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. म्हणजे जिल्ह्यात रेल्वे होती, तालुक्याच्या गावाला होती, जिल्ह्याच्या गावाला नव्हती.

लाइन ढोकीवरून जाते. ढोकीच्या जवळ तेर. गोरोबाकाकांचं तेर. या तेरचं जुनं नाव तगर, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात तगरचा उल्लेख आहे. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं, तेही वाईट रस्त्यांवरून, असं त्यात आलंय. म्हणजे कॅलथ्रॉपनं जी अडचण १८८० च्या दशकात पाहिली, तीच एका ग्रीक व्यापाऱ्यानं अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली. कापूस आमचा, बंदर लांब, रस्ता वाईट.

म्हणून १९११ चं मॉडेल करावं, असं पहिल्यांदा ठरलं. नवीकोरी लाइन, कापसाच्या गाठी, बैलगाड्यांची रांग. दिसायला झकास. पण काम सुरू केल्यावर लक्षात यायला लागलं, की मी कंपनीच्या जाहिरातीचं चित्र काढतोय. सगळं चकचकीत, आणि बैलगाडीवाला फक्त शोभेला.

मग १९४१ चा विचार केला. त्या वर्षी फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. तडवळे याच लाइनवरचं गाव. निजामाच्या राज्यात, वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलेल्या लोकांची परिषद. माझ्या मते या सव्वातीनशे किलोमीटरमधली ही सगळ्यात मोठी घटना आहे. पण तिचं मॉडेल करायचं तर ते तडवळ्याचं करायला हवं, येडशीचं नाही, आणि दोन सेंटिमीटरची शोभेची माणसं मांडून ते होणार नाही. तो एक वेगळा भाग करू, त्या गावातल्या लोकांना सोबत घेऊन.

१९४८? १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेनं आत शिरली आणि पाच दिवसांत संस्थान संपलं. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष सरहद्दीच्या या पट्ट्यानं काय भोगलं, ते प्रत्येक गावात वेगळं ऐकायला मिळतं. टेबलावर ठेवून दिवे लावावेत असं ते साल मला वाटलं नाही.

आणि मग एक साल असं आलं, की ते धरलं तर मॉडेलच होत नाही. ते म्हणजे २००७.

मॉडेल करणाऱ्या लोकांना एक सवय असते, मलाही लागलीय. जुनं ते गोड. नॅरोगेज म्हटलं की डोळे पाणावतात. झुकझुक, धूर, घाटात उतरून लघवीला जाऊन परत चालती गाडी पकडली, हा किस्सा तर प्रत्येकाकडे असतो. (विदर्भात शकुंतलेबद्दलही अगदी हाच किस्सा सांगतात. तीही अडीच फुटी, तीही कापसाची.) १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ही कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाइट मध्य रेल्वेत आली. त्यानंतरही पन्नासेक वर्षं तीच छोटी गाडी तशीच चालत राहिली. बाहेर जग डिझेल, वीज, कंटेनर करत होतं, आणि आमच्या जिल्ह्याची मर्यादा होती एका आसावर पाच टन. १८९५ साली जो आकडा हुशारी होता, तोच १९९५ साली बेडी झाला होता. कोडमध्ये हे आपण रोज बघतो. कुणीतरी कधीतरी एक मर्यादा ठरवलेली असते, तेव्हा ती बरोबरच असते, आणि मग सगळं तिच्याभोवती वाढतं.

सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद ब्रॉडगेज झालं, ऑक्टोबर २००८ मध्ये पुढे कुर्डुवाडीपर्यंत. हे करताना मार्ग बदलला, आणि पहिल्यांदाच गाडी जिल्ह्याच्या गावात आली. लातूरला पोचल्यापासून मोजलं तर ९६ वर्षांनी. आज रेल्वेच्या नकाशात येडशी आणि कळंब रोडच्या मध्ये जो खाली वाकलेला कोपरा दिसतो ना, तो आमचा. म्हणजे मी ज्या गाडीसाठी हळहळतोय, ती मेली तेव्हाच माझ्या गावाला गाडी मिळाली. हे वाक्य मी बोर्डाच्या मागच्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलंय.

आणि २०१६ तर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. लातूरचा पाण्याचा दुष्काळ. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा टँकर वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. टीव्हीवर सगळ्यांनी गाडी बघितली, पण मार्ग कुणी सांगितला नाही. तो मार्ग म्हणजे, धाराशिवजवळचा बदललेला तुकडा सोडला तर, जुनी बार्शी लाइट, मिरज ते लातूर, एक टोक ते दुसरं टोक.

आता हिशेब करा. ५० हजार लिटर म्हणजे ५० टन, एका वाघिणीत. कॅलथ्रॉपच्या चार आसांच्या वाघिणीचं भरल्यावरचं एकूण वजन वीस टनांच्या वर जाऊ शकत नाही. तिचं स्वतःचं लोखंड वजा करा, माल राहतो फार तर चौदा-पंधरा टन. पाच लाख लिटर पाण्याला अशा ३५ वाघिणी लागल्या असत्या, आणि त्या रामलिंगच्या घाटातून वर चढवायच्या. नंतर तर एकेका खेपेला पन्नास-पन्नास टँकर यायला लागले. छोटी गाडी हे करू शकली नसती. म्हणून नॅरोगेज बंद करायला नको होती, असं कुणी म्हणालं की मी आता गप्प बसत नाही.

मग मी छोट्या गाडीचं मॉडेल का करतोय? याचं उत्तर आज्जीकडून आलं, आणि सालही तिथूनच आलं.

आज्जीचं माहेर पांगरीजवळचं. तिला सहज विचारलं, लग्न होऊन पहिल्यांदा इकडं आलीस ती कशी? म्हणाली, “रेल्वेनं येडशीपतुर, तिथनं बैलगाडी.” साल १९६३, उन्हाळ्याचे दिवस. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं. मला वाटलं होतं ती घाटाचं वर्णन करेल, इंजिनाचं करेल. इंजिन तिला आठवतच नाही. म्हणाली, “घाटात गाडी अशी दमायची, की वाटायचं उतरून ढकलावं. आन्‌ मला तर वाटत होतं, अजून दमावी. पोचूच नये.” सतरा-अठरा वर्षांची मुलगी. पुढे काय घर आहे, माणसं कशी आहेत, काही माहीत नाही. तिच्यासाठी गाडीचा हळूपणा म्हणजे माहेरचा थोडा वाढलेला वेळ.

मी इतकी वर्षं त्या गाडीचा वेग हा तिचा दोष म्हणून वाचत आलो होतो.

साल ठरलं, १९६३. आणि साल ठरल्याबरोबर शंभर गोष्टी आपोआप ठरल्या. महाराष्ट्राला तीन वर्षं झालेली. रेल्वे सरकारी, मध्य रेल्वे. पैसे दशमान झालेले, पण लोक ‘नवे पैसे’ म्हणायचे, नाण्यावरही तसंच होतं, म्हणजे तिकीट खिडकीवर भाव लिहायचा तर तसा. वजनकाट्यावर शेर-मण जाऊन किलो आलेलं. गाव उस्मानाबाद. निजामाच्या काळातलं काही लावायचं नाही, आणि आणीबाणीनंतरचंही काही चालायचं नाही. साल हे फार कडक मास्तर असतं.

वेगही ठरला. खरी गाडी ताशी ३० किलोमीटरनं जात असेल तर मॉडेलमध्ये ती सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर गेली पाहिजे. स्टेशनात शिरताना ताशी दहा धरा, म्हणजे सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या जरासं वर. गोगलगाय. स्वस्त मोटारी इतक्या हळू चालत नाहीत, धक्के खात जातात. म्हणून एक छोटा आर्डुइनो लावून मोटारीला वीज तुकड्या-तुकड्यांत देतो. पूर्ण बोर्ड ओलांडायला गाडीला आता जवळपास एक मिनिट लागतं. घरी आलेले मित्र कंटाळतात. आज्जीनं व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, “आणि थोडी हळू.”

बाकी काम आपल्या मातीवर चाललंय, खरंच मातीवर. रानातली काळी माती आणली, उन्हात वाळवली, चहाच्या गाळणीतून गाळली. पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर ती भुरभुरली की जी जमीन होते, ती कुठल्याच परदेशी दुकानात मिळत नाही. डोंगर थर्माकोलचा, वरून प्लास्टर. रामलिंगचं रान पानझडीचं, मे महिन्यात सगळं करड्या काटक्यांचं, त्यामुळे झाडांचं काम स्वस्तात झालं, वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या आणि बारीक मुळ्या. बाहेरच्या मॉडेलवाल्यांचे व्हिडिओ बघितलेत तर सगळं हिरवंगार असतं. आमच्याकडं उन्हाळा आहे. एक माकडही केलंय, अर्ध्या सेंटिमीटरचं, फलाटाच्या छपरावर.

बैलगाडीवर मात्र अडलंय. चाकाचा व्यास मॉडेलमध्ये दीड-दोन सेंटिमीटर, त्यात आरे बसवायचे. शिवाय गाडीत बसलेली मुलगी. चेहरा दिसणार नाही, एवढीशी आहे, पण ती कुठल्या बाजूला तोंड करून बसली होती, हे आज्जीला विचारलं. ती लगेच म्हणाली, मागं. स्टेशनाकडं.

मागच्या दिवाळीत जुन्या मार्गानं मोटारसायकलवर भटकलो. काही ठिकाणी भराव अजून कळतो, शेताच्या बांधासारखा, फक्त बांधापेक्षा जास्त सरळ आणि मग एकदम छान वळणारा. बांध असा वळत नाही, त्यावरून ओळखायचं. रूळ अर्थात केव्हाच उचललेत. ज्यांनी त्या गाडीत प्रवास केला त्यातले बरेच आता सत्तर-ऐंशीचे आहेत. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये, येडशीत, ढोकीत, मुरुडात काम केलेले लोक आपल्या गावांमध्ये आहेत. तुमच्या घरात असतील.

तर एक काम सांगतो. घरी गेलात की आज्जी-आजोबांच्या ट्रंकेत बघा. येडशी, कळंब रोड, ढोकी, पांगरी, या स्टेशनांवर काढलेला एखादा फोटो असेल, बहुतेक लग्नाचा नाहीतर पंढरपूरला निघतानाचा. स्कॅन करा, फोननं काढला तरी चालेल. फोटोत कोण आहे, अंदाजे साल कोणतं, हे मागं पेन्सिलीनं लिहा आणि मला पाठवा. आणि पाठवताना माणसांचे चेहरे नीट दिसावेत म्हणून कडा कापू नका. मला मागचं छप्पर हवंय.